आगाऊ म्हणजे उद्धट नव्हे

'आगाऊ'चा अर्थ विचारला की बहुतेक जण 'उद्धट' सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. उद्धटपणा बोलण्याच्या सुरात असतो. आगाऊपणा तोंड उघडण्याच्या वेळेत. अगदी गोड आवाजात, 'अहो' लावून बोललं, तरी कोणी विचारायच्या आत बोललेला माणूस आगाऊच ठरतो. म्हणून 'आगाऊ रक्कम' आणि 'आगाऊ कार्टं' यांतले दोन वेगळे शब्द मानायची मला गरज वाटत नाही. दोन्हीकडे वेळेआधी पुढे येणं आहेच. फरक एवढाच, की आगाऊ पैशांचा कधी 'आगाऊपणा' होत नाही. तो माणसांचाच!

आता ती वेळ ठरवतं कोण? 'पोरगी फार आगाऊ आहे' हे तुम्ही सर्रास ऐकाल. 'आजोबा फार आगाऊ आहेत' म्हणून बघा, जीभ अडखळते. (मित्रामित्रांत चालतं, ते सोडा.) त्यामुळे अशा शब्दाच्या नोंदी काढताना नुसतं वाक्य टिपू नका. कोण कोणाला म्हणालं, तेही शेजारी लिहा. माझ्या पहिल्या वहीत हा रकानाच नव्हता. सगळी वही पुन्हा करावी लागली.