सत्तर-दोनशेची लेन्स आणि नाटकातली बाकीची माणसं

नाटकाच्या प्रयोगाचे फोटो काढायला कुठली लेन्स घ्यावी असं विचारलंत, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: सत्तर-दोनशे, एफ २.८. अंधार असतो, लांब बसावं लागतं, फ्लॅश चालत नाही. कारणं सगळी खरी आहेत. माझं भांडण उत्तराशी आहे, आणि ते प्रबंधाच्या कामातून आलंय. जुन्या प्रयोगांच्या छायाचित्रांवरून नट कुठे उभे होते, कोणापासून किती अंतरावर होते, हे मी शोधते. फोटो माझ्यासाठी पुरावा आहे. या लेन्सचे फोटो सुंदर दिसतात, पण पुरावा म्हणून बऱ्याचदा कामाचे नसतात.

हिशोब करून बघा. फुल-फ्रेम कॅमेरा घेऊन रंगमंचापासून १० मीटरवर बसलात आणि २०० मिमीवर फ्रेम आडवी धरलीत, तर चौकटीत रंगमंचाची जेमतेम १.८ मीटर रुंदी येते. म्हणजे एक नट, फार तर दोन. त्याच खुर्चीतून ८५ मिमी लावली तर सव्वाचार मीटर, आणि ३५ मिमी लावली तर सव्वादहा मीटर, म्हणजे चौतीसेक फूट. आपल्याकडच्या बऱ्याच रंगमंचांची रुंदी त्यात मावते.

खोलीचा हिशोब तर जास्तच वाईट. २०० मिमी, एफ २.८, अंतर १० मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ४० सेंटीमीटरचा. बोलणाऱ्या नटाच्या मागे दोन पावलांवर कोणी गप्प उभं असेल, तर ते पात्र धुरकट होणार. आता सांगा, किती प्रवेशांचा जीव त्या गप्प उभ्या माणसात असतो? ‘पार्श्वभूमी छान ब्लर झालीय’ अशी शाबासकी मिळते तेव्हा ती पार्श्वभूमी म्हणजे पगार घेऊन काम करणारा नट असतो. (प्रायोगिकवाले इथे हसतील. पगार!)

‘घाशीराम कोतवाल’चं उदाहरण घ्या. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७२. त्यातली ब्राह्मणांची रांग कधी पडदा होते, कधी भिंत, आणि पाठ फिरवते तेव्हा पलीकडे काय चाललंय ते झाकते. बारा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली तरी वीसेक फूट लागतात. २०० मिमीने तुम्हाला नाना मिळेल, घाशीराम मिळेल. रांग मिळणार नाही. आणि या नाटकात गुन्हा लपवते ती रांगच. फक्त चेहऱ्यांचे फोटो उरले, तर पुढच्या अभ्यासकाला ते दोन माणसांचं नाटक वाटेल.

ब्रेख्तला हे नीट कळलं होतं. १९४८च्या ‘अँटिगनी’चं मॉडेलबुक त्याने रूथ बर्लाऊच्या छायाचित्रांवर उभं केलं, कारण दुसऱ्या कोणाला प्रयोग करायचा तर पात्रांचे गट कसे उभे राहिले हे दिसायला हवं. याच्या उलट बाजूने रोलाँ बार्थ येतो. १९५९ मध्ये त्याने रॉजे पिकने काढलेल्या ‘मदर करेज’च्या सात छायाचित्रांवर लिहिलं, तेही तपशिलांवर बोट ठेवत. त्यामुळे जवळचा फोटो नकोच असं मी म्हणणार नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’सारखा एकपात्री प्रयोग असेल तर खुशाल २०० लावा, तिथे चेहरा हेच नेपथ्य. पण बार्थला गटही दिसत होता आणि हातही. आपल्या संग्रहांत बहुतेक हातच उरतायत.

एक गैरसमजही जाता जाता. ‘टेली लेन्स अंतर दाबते’ असं सगळे म्हणतात. दाबते ती खुर्ची. नटांमधलं अंतर कसं दिसणार हे तुम्ही किती लांब बसलात त्यावर ठरतं. त्याच खुर्चीतून ३५ने काढलेला फोटो कापून मोठा केलात तरी पात्रं तितकीच चिकटलेली दिसतील. फरक एवढाच, की ३५च्या फोटोत विंग, पायऱ्या, रंगमंचाची कड शिल्लक असते, आणि त्यावरून मोजता येतं.

म्हणून माझी शिफारस: ३५ किंवा ५० मिमीची एफ १.८ प्राइम. एफ २.८पेक्षा जवळपास अडीचपट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे १/१०० लागत होता तिथे १/२५० मिळतो आणि वळणारा नट हलत नाही. शिवाय ३५वर एफ १.८लासुद्धा १० मीटरवरून साधारण सात मीटरपासून अठरा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. क्रॉप सेन्सर असेल तर २४च्या आसपासची घ्या. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावाल, पण एलईडी दिव्यांखाली त्यात आडवे पट्टे येऊ शकतात, तेव्हा आधी रंगीत तालमीत तपासा.

आणि शक्य असेल तर एक अंक बाल्कनीच्या पहिल्या रांगेतून काढा. खालून जमीन दिसत नाही, वरून दिसते. पाय कुठे टेकलेत ते कळतं. फाइलच्या नावात तारीख, नाट्यगृह आणि खुर्चीचा नंबरही टाका.