ओळख आणि अपहार : चाहत्यांच्या कलेचा कायदेशीर पेच

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने फास्टर फेणेची चित्रे काढून त्यांच्या पुस्तकखुणा तयार केल्या, आणि महाविद्यालयाच्या मेळाव्यात त्या विकल्या तर चालेल काय, असे विचारले. प्रश्न कायद्याचा होता. तो वकिलाकडे सोपवून मोकळे होता आले असते. परंतु विचार करू लागल्यावर ध्यानात आले, की कायदा या ठिकाणी जे विचारतो ते सारे आपल्याच शास्त्राचे प्रश्न आहेत. एका कृतीत दुसरी कृती किती आहे? घेतलेल्याचे पुढे काय झाले? रसिकाला नवे काही मिळाले काय? आंतरसंहितात्मकतेची चर्चा करताना आपण हे प्रश्न निर्धास्तपणे हाताळतो, कारण आपल्या उत्तरावर कोणाचा दंड वा तुरुंगवास अवलंबून नसतो. न्यायालयात तो असतो.

हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने दोन काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन समान देहांसारखे. पहिल्यात स्वतंत्र आत्माच नाही, दुसऱ्यातील आत्मा तुच्छ आहे. म्हणून ही दोन्ही साम्ये कवीने टाळावीत. तिसऱ्यात मात्र देह सारखा भासला तरी आत्मा स्वतःचा असतो, म्हणून ते ग्राह्य. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांची सविस्तर वर्गवारी केली. मात्र या दोघांपुढे प्रश्न कवीच्या कीर्तीचा होता, मालमत्तेचा नव्हता. आधुनिक कायद्याने त्यात मालकी आणली, आणि पेच तेथून सुरू झाला.

भारतीय कायद्यातील साम्यविचाराचा पाया 1978 सालच्या आर. जी. आनंद खटल्यात सापडतो. ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा 1956 सालचा चित्रपट उचलला, असा वादीचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर कोणाचा हक्क नसतो; हक्क असतो तो त्यांच्या अभिव्यक्तीवर. ही अभिव्यक्ती उचलली आहे काय, याची सर्वांत खात्रीची कसोटी न्यायालयाने प्रेक्षकाच्या हाती दिली : दोन्ही कृती पाहिल्यावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा मनावर उमटतो काय? वाचककेंद्री समीक्षेला आनंद व्हावा अशीच ही कसोटी आहे.

चाहत्याच्या कलेला मात्र ती घातक ठरते. ‘फॅन आर्ट’ नावाने ओळखली जाणारी निर्मिती मूळ कृतीवर प्रेम करणाऱ्याने तिच्यातील पात्रे घेऊन केलेली असते, आणि पाहणाऱ्याने मूळ पात्र तत्क्षणी ओळखणे हेच तिचे यश असते. चोर ओळख लपवतो. चाहता ती मिरवतो. म्हणजे ज्या गुणामुळे ही कला सिद्ध होते, त्याच गुणामुळे अपहारही सिद्ध होण्याचा संभव असतो. पात्रांच्या बाबतीत न्यायालये उदासीन आहेत असेही नाही. ‘नागराज’ या चित्रकथानायकाशी साम्य असलेल्या ‘नागेश’विरुद्ध 1997 साली दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला होता. शिवाय 1957 च्या कायद्याचे चौदावे कलम चित्राचे शिल्प करणे व शिल्पाचे चित्र करणे हेसुद्धा मूळ हक्कधारकासाठी राखून ठेवते. माध्यम बदलले म्हणून सुटका होत नाही.

मग सुटकेची वाट कोणती? बावन्नाव्या कलमात रास्त वापराचे जे अपवाद आहेत, त्यांत खाजगी उपयोग आहे, आणि टीका वा परीक्षण आहे. या अपवादाचा सर्वांत उद्बोधक अर्थ केरळ उच्च न्यायालयाने 1996 साली सिव्हिक चंद्रन खटल्यात लावला. तोप्पिल भासी यांच्या 1952 सालच्या ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ (तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत) या गाजलेल्या नाटकातील पात्रे आणि काही प्रसंग घेऊन चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले, आणि त्यातून मूळ नाटकाने दिलेल्या स्वप्नाचीच झडती घेतली. भासींच्या वारसांनी खालच्या न्यायालयातून मनाई मिळवली. उच्च न्यायालयाने ती उठवली. घेतलेला मजकूर आणि त्यावरील भाष्य यांचे प्रमाण व मोल, घेण्यामागील हेतू, आणि दोन कृतींत स्पर्धा होण्याची शक्यता, या तीन गोष्टी न्यायालयाने तपासल्या. प्रतिनाटक मूळ नाटकाची जागा घेत नाही, त्याच्याशी वाद घालते, असा निष्कर्ष निघाला. समीक्षेच्या वर्गात हा निकाल अवश्य वाचावा. त्यात विडंबन आणि अनुकरण यांतील भेद एखाद्या साक्षेपी समीक्षकाने करावा तसा केलेला आहे.

पण या निकालातून एक विचित्र विषमता पुढे येते. जो मूळ कृतीशी भांडतो त्याला कायद्यात जागा आहे. जो तिच्यावर प्रेम करतो त्याला नाही. केशवकुमारांच्या ‘झेंडूच्या फुलां’ची परंपरा चालवणाऱ्याला ‘टीका’ या शब्दाचा आसरा घेता येईल. फास्टर फेणे मनापासून काढणाऱ्या मुलीने कोणता शब्द पुढे करावा?

तिच्या वाट्याला येते ती केवळ मालकाची सहनशीलता. जपानमध्ये 1975 साली सुरू झालेल्या ‘कॉमिक मार्केट’मध्ये चाहते स्वतः छापलेल्या दोजिन्शी पुस्तिका विकतात, आणि प्रकाशक बहुधा डोळेझाक करतात. तरी 1999 साली पोकेमॉनवरील अशा पुस्तिकेपायी एका चाहतीला अटक झाली होती. आपल्याकडे 2007 साली कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील दुर्गापूजेचा मंडप हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्‌स किल्ल्याच्या रूपात उभारला गेला, तेव्हा हक्कधारकांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मंडप त्या उत्सवापुरता राहू दिला, पुढील वापराला मात्र परवानगीचे बंधन घातले. उत्सवाला दिलेली ही सवलत दिलासा देणारी आहे. पण सवलत म्हणजे हक्क नव्हे.

विक्रीचा प्रश्न आला की ही सवलतही आक्रसते. त्रेसष्टाव्या कलमानुसार हेतुपुरस्सर भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे; भंग व्यापारी लाभासाठी नसेल तरच न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केले. अमेरिकेतही वारे याच दिशेचे दिसते. छायाचित्रावरून अँडी वॉरहॉल याने केलेल्या गायक प्रिन्सच्या चित्राबाबत तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली म्हटले, की नवा अर्थ निर्माण झाला एवढे पुरेसे नाही. मूळ छायाचित्र ज्या कामासाठी भाड्याने दिले जाते त्याच कामासाठी चित्र विकले गेले, तर बचाव दुबळा होतो.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे वळावेसे वाटते. ‘टीका’ म्हणजे आज आपण दोषदर्शन समजतो. पण ‘भावार्थदीपिका’ ही गीतेवरील टीका आहे, आणि तिच्यात दोषदर्शनाचा लवलेश नाही. जुन्या अर्थाने टीका म्हणजे प्रेमाने केलेला अर्थविस्तार. कायद्यातील ‘टीका वा परीक्षण’ हा अपवाद या व्यापक अर्थाने वाचला जावा, असा युक्तिवाद मराठी समीक्षेने करावयास हवा. मूळ पात्राचे न दिसलेले अंग दाखवणारे चित्र हे भाष्यच असते, मग त्याचा सूर प्रेमाचा का असेना. मात्र या युक्तिवादाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. पुस्तकातील चित्र जसेच्या तसे कपावर छापून विकणे म्हणजे आनंदवर्धनाचे प्रतिबिंब आहे. त्याचे समर्थन भक्तीच्या नावाने करता येणार नाही. त्यात मूळ चित्रकाराच्या भाकरीचाही प्रश्न असतो.

विद्यार्थिनीला मी शेवटी एवढेच सांगितले. भा. रा. भागवत 2001 साली निवर्तले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क 2061 च्या अखेरपर्यंत राहील. पुस्तकातील चित्रांचा हक्क मजकुराच्या हक्काहून वेगळा, 2017 सालच्या चित्रपटातील रूपाचा आणखी वेगळा. तेव्हा ती दोन्ही बाजूस ठेवून शब्दांतून तुला दिसलेला फेणे काढ. वहीत काढायला कोणाला विचारावे लागत नाही. विकण्यापूर्वी हक्कधारकांना पत्र लिहून परवानगी माग. पत्रासोबत चित्रही पाठव, म्हणजे तू त्यांचे पुस्तक कसे वाचलेस ते त्यांना कळेल. ती पत्र लिहायला बसली. परवानगी मिळेल किंवा मिळणार नाही. पण तिचे चित्र हे वाचन आहे की अपहार, हे ठरवण्याची भाषा घडवणे हे काम वकिलांइतकेच आपलेही आहे, आणि ते आपण अद्याप हाती घेतलेले नाही.