यंत्रातली हलगी आणि मंचामागची हलगी

१

आंबेडकरी जलशाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, ते मुख्यतः शब्दांविषयी लिहिले गेले. शाहिराने काय सांगितले, कोणत्या रूढीवर प्रहार केला, बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत कसा नेला, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु शाहिराच्या मागे बसून जो वाजवत होता, त्याच्या वाद्याचा विचार आपण फारसा केला नाही. वाद्य म्हणजे साथ आणि साथीला विचार नसतो, असे आपण नकळत धरून चाललो.

हे गृहीतक मला आता मान्य नाही. आज जयंतीच्या मंचावर पेटीच्या जागी कीबोर्ड आहे, आणि पुष्कळ ठिकाणी कीबोर्डशेजारी लॅपटॉप उघडा असतो. बोटे कीबोर्डवर फिरतात, पण आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून येतो. कार्यक्रमाआधी वादक ही सारी मांडणी करत असतो, तेव्हा ती तांत्रिक बाब म्हणून आपण तिच्याकडे पाहतही नाही. माझे म्हणणे असे, की ही मांडणी हा सांस्कृतिक निर्णय आहे. कोणता आवाज आत घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे तिथे ठरते. आत आणि बाहेर यांचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको.

मी संगीताचा अभ्यासक नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. तरुणपणी कलापथकात पेटी धरत असे. हा लेख लिहिण्याचे कारण मात्र अभ्यासाचे नाही, अपराधाचे आहे. ते आधी सांगतो.

२

२०१९ सालच्या भीमजयंतीला आमच्या तालुक्याच्या गावी गाण्यांचा कार्यक्रम होता. संयोजकांत मी होतो. वर्गणी कमी पडली, तेव्हा खर्चाची यादी घेऊन बसलो. दरवर्षी शेजारच्या वस्तीतले मातंग समाजातील दोन हलगीवादक येत. त्या वर्षी आमच्या कीबोर्डवाल्या पोराने सांगितले, "सर, हलगी माझ्या लॅपटॉपमध्ये आहे." मी त्या दोघांच्या नावावर रेघ मारली. बिदागी वाचली. कुणाला काही वाटले नाही; मलाही नाही.

तिसऱ्या गाण्यात विजेचा दाब क्षणभर पडला. दिवे मंद झाले आणि पुन्हा लागले, एवढेच. पण लॅपटॉपचा आवाज ध्वनिक्षेपकापर्यंत नेणारी डबी त्या झटक्यात बंद पडली आणि सॉफ्टवेअर तिला पुन्हा ओळखीना. पोराचे हात पट्ट्यांवर होते, आवाज मात्र नव्हता. ढोलकीवाल्याने ठेका सोडला नाही, गायकाने ध्रुवपद धरून ठेवले, लोकांनी टाळ्यांनी साथ दिली. सात-आठ मिनिटे गाणे असे माणसांच्या बळावर उभे राहिले. मग यंत्र सुरू झाले.

कार्यक्रम संपल्यावर मंडपाच्या मागे त्या दोघांतले थोरले मामा भेटले. मी ओशाळून म्हणालो, "मामा, तुम्ही इथं?" ते म्हणाले, "औंदा आवतान न्हाई आलं सर, म्हणून नुसतं ऐकाया आलो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

समतेच्या गाण्याचा मंच उभा करताना आपल्याच शेजारच्या माणसाला मी बाहेर ठेवले होते, आणि त्यासाठी यंत्राचे निमित्त पुढे केले होते. बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती यांच्यातले अंतर आपण भाषणात पुसतो आणि हिशोबाच्या वहीत पुन्हा आखतो. या प्रसंगानंतर मी त्या पोराजवळ बसून त्याची मांडणी समजून घेतली. पुढचे विवेचन त्यातून आले आहे.

३

यंत्रालाच शत्रू ठरवून मोकळे होणे सोपे आहे. कीबोर्ड आला आणि जलसा मेला, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना पेटीचा इतिहास आठवून द्यावा लागेल. पेटी मूळची आपली नव्हेच. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबॅं यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल अशी पेटी बनवली. तिच्या पट्ट्या बारा ठरलेल्या सुरांच्या. मींड नाही, श्रुती नाहीत. या कारणांसाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही.

याच काळात आपल्या जलशांनी काय केले? भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे फड गावोगाव फिरत होते. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) पुढे अख्खे आयुष्य या गाण्याला दिले. या परंपरेला पेटीची शुद्धाशुद्धता विचारावीशी वाटली नाही. पेटी खांद्यावरून नेता येत होती, उघड्या माळावर ऐकू जात होती, शाहिराची पट्टी सांभाळत होती. नभोवाणीच्या दारात जी अस्पृश्य ठरली, ती आमच्या चावडीपुढे बसली. तेव्हा परक्या यंत्राला नकार ही आपली परंपरा नाही. परके यंत्र घेऊन त्याच्याकडून आपले काम करून घेणे, ही आपली परंपरा आहे. प्रश्न एवढाच, की लॅपटॉपकडून आपण आपले काम करून घेत आहोत, की तोच आपल्याला कामाला लावतो आहे?

४

या यंत्राचा पाया १९८३ साली घातला गेला. अमेरिकी आणि जपानी वाद्यनिर्मात्यांनी मिडी नावाची एक समान भाषा मान्य केली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातो : कोणती पट्टी, किती जोराने, कधी सोडली. आवाज दुसरे यंत्र काढते. १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि वाद्ये संगणकाच्या आत राहू लागली. आता मेनस्टेज, कँटाबिल, गिग परफॉर्मर यांसारखी सॉफ्टवेअर मंचासाठीच बनलेली आहेत. गाण्यागणिक आवाजांचा संच आधी बांधून ठेवायचा, डाव्या हाताला एक वाद्य, उजव्याला दुसरे, आणि पायाने पेडल दाबले की पुढचे गाणे.

पट्टी आणि आवाज यांची ही फारकत मला महत्त्वाची वाटते. पट्टीला जन्मजात आवाज राहिला नाही. कोणत्याही पट्टीला कोणताही आवाज देता येतो. जन्मावरून काम ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला यातली मुक्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

परंतु मुक्तीची शक्यता असणे वेगळे आणि मुक्ती असणे वेगळे. १९९१ साली निर्मात्यांनी जनरल मिडी नावाची एक यादी ठरवली. तीत १२८ आवाज, आठ-आठांचे सोळा गट. पहिला गट पियानोचा. मग ऑर्गन, गिटार, व्हायोलिनचे कुटुंब, तुताऱ्या, बासऱ्या. चौदाव्या गटाचे नाव 'एथनिक', म्हणजे उरलेल्या लोकांची वाद्ये. त्यात सतार १०५ वी आणि सनई ११२ वी. मध्ये बँजो, जपानची शामिसेन आणि कोतो, आफ्रिकेचा कलिंबा, मशकबाजा आणि फिडल. अर्धे जग एका वस्तीत, आणि ती वस्ती गावकुसाबाहेर. शेवटच्या गटात टेलिफोनची घंटी आहे, हेलिकॉप्टर आहे, बंदुकीचा बारही आहे. तालवाद्यांची यादी निराळी, ४७ आवाजांची. तीत बोंगो आणि काँगा आहेत, तबला नाही, ढोलकी नाही. हलगीचे तर नावच नको.

यात कुणाचा कट होता असे मी म्हणत नाही. ज्यांनी यादी केली, त्यांनी आपल्या कानांवरून केली. वर्चस्व बहुधा असेच चालते. त्याला द्वेषाची गरज नसते, स्वतःला केंद्र समजण्याची सवय पुरते. पुढे भारतीय बाजारासाठी खास कीबोर्ड निघाले, त्यांत तबला आला, तानपुरा आला. म्हणजे बाहेरच्या यादीत आपल्या देशाला जागा मिळाली, तेव्हा देशातली उतरंडही तिच्यासोबत गेली. मी हाताळलेल्या एकाही कीबोर्डमध्ये संबळ, दिमडी, हलगी नव्हती. आमच्या पोराच्या लॅपटॉपमधली 'हलगी' कुठल्यातरी परक्या ढोलाचा आवाज पातळ करून बनवलेली होती.

५

आता आपल्या वादकांविषयी. त्यांच्यापैकी पुष्कळांवर माझा आक्षेप आहे, आणि तो आपुलकीचा आहे.

तयार तालपट्टी किंवा आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ लावून वाजवण्याची रीत पसरली आहे. ती स्वस्त पडते, चुकत नाही. पण जलसा म्हणजे नुसते गाणे नव्हे. शाहीर मध्येच थांबतो, समोरच्या म्हातारीला प्रश्न विचारतो, कालची गावातली घटना सांगतो, आणि तिथून पुन्हा ध्रुवपदावर येतो. लोकांनी मागितले तर एक कडवे तीनदा होते. आधी मुद्रित केलेली साथ हे सहन करत नाही. ती चार मिनिटांत संपते. मग शाहीर बोलणे आखडतो. ज्या जागेत विचार सांगितला जात होता, तीच जागा यंत्र कापून टाकते. म्हणून कोणत्याही मांडणीला माझा पहिला प्रश्न हा : शाहीर थांबला तर तुझे यंत्र थांबते काय? जिवंत हातांनी वाजवलेले सॉफ्टवेअर थांबू शकते. या अर्थाने लॅपटॉपची मांडणी तयार साथीपेक्षा पेटीच्या जवळची आहे.

दुसरा प्रश्न विलंबाचा. पट्टी दाबल्यापासून आवाज निघेपर्यंत संगणकाला थोडा वेळ लागतो. तो आवाजाचे नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्याला पावणेतीन मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो, १,०२४ च्या गठ्ठ्याला एकवीसहून अधिक. गठ्ठा मोठा केला की हात आणि कान यांची फारकत होते. फार लहान केला की संगणक धापा टाकतो आणि आवाज फाटतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब साडेतीन मीटरांवर उभ्या असलेल्या हलगीवाल्याइतका. तेवढे अंतर आपले वादक पिढ्यान्पिढ्या सांभाळत आले आहेत. त्यापलीकडे ठेका ढिला पडतो.

तिसरा प्रश्न पडण्याचा. यंत्र पडणारच, हे धरून मांडणी करावी. आमच्या पोराने आता लॅपटॉप आणि ती डबी छोट्या यूपीएसवर घेतली आहे, इंटरनेट आणि आपोआप होणारे बदल कार्यक्रमापुरते बंद ठेवतो, गाण्यांचे संच दुसऱ्या प्रतीतही ठेवतो. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्या पोटात स्वतःचे आवाज आहेत असा जुना कीबोर्ड शेजारी जोडून ठेवतो. लॅपटॉप गेला तर आवाज साधा होईल, गाणे मात्र थांबणार नाही. या शहाणपणाला पैसा फार लागत नाही, जबाबदारीची जाणीव लागते. समोर बसलेली माणसे दिवसाची मजुरी बुडवून आलेली असतात.

६

राहिला प्रश्न हलगीचा. तो नुसत्या आवाजाचा नाही.

हलगीवर आपल्या मनात दोन भाव आहेत. गावकीच्या सक्तीने, दुसऱ्याच्या वरातीपुढे, उष्ट्यासाठी वाजवावी लागलेली ती हलगी. ती टाकून देणाऱ्यांचा स्वाभिमान खरा होता. पण कलंक सक्तीत होता, कातड्यात नव्हता. जाळावर शेकवून ताणलेले ते कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि त्यातून उठणारा तो आवाज हे एका समाजाने कमावलेले ज्ञान आहे. ते सक्तीसोबत फेकून देण्याचे कारण नाही.

म्हणून मागच्या दोन वर्षांत आम्ही एक लहानसे काम केले. मामांना रीतसर बोलावले, बिदागी दिली, आणि त्यांची हलगी मुद्रित केली. एकेक ठोका हळू, मध्यम, जोरात, मध्यावर, काठावर, प्रत्येक चार-चार वेळा, कारण एकच ठोका पुन्हा पुन्हा आला की कान लबाडी ओळखतो. एसएफझेड नावाची एक खुली पद्धत आहे. साध्या मजकुराची फाइल, तीत लिहायचे की कोणती पट्टी, १ ते १२७ पैकी किती जोर, आणि त्यासाठी कोणता मुद्रित ठोका. ती वाचणारी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. आमच्या बी.ए.च्या मुलांनी ही फाइल लिहिली. ज्या यादीत आपल्याला जागा नव्हती, तिच्या बाहेर आपली यादी अशी करता येते.

पण हे करताना मामांनी विचारले, "म्हंजे आता आमचं काम संपलं का?" या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही. ते आम्हालाच द्यावे लागले. आम्ही ठरवले : हलगीवादक मंचावर असेल तेव्हा यंत्रातली हलगी वाजणार नाही. ती तालमीसाठी, आणि जिथे वादक पोहोचूच शकत नाही तिथल्यासाठी. तिच्या फाइलवर मामांचे नाव राहील आणि ती त्यांच्या संमतीशिवाय विकली जाणार नाही. ठराव लहान आहे आणि तो मोडणेही सोपे आहे. वर्गणी कमी पडेल तेव्हा त्याची परीक्षा होईल.

समीक्षेचे काम कलाकृतीपुरते नाही, ती ज्या व्यवस्थेतून उभी राहते तिथपर्यंत जाण्याचे आहे, असे आपण साहित्याबाबत नेहमी म्हणतो. तेच वाद्याबाबत म्हणावे लागेल. यापुढे जयंतीच्या मंचावर लॅपटॉप दिसला, तर कार्यकर्त्यांनी त्याचा दिमाख पाहून खूश होऊ नये आणि नाकही मुरडू नये. त्या पोराच्या शेजारी बसावे आणि विचारावे : यात कुणाचे आवाज आहेत? आणि त्या आवाजांची माणसे आज मंचावर आहेत, की मंडपाच्या मागे उभी आहेत?