महाराष्ट्र साहित्य परिषद : संमेलनापलीकडील इतिहास

प्रास्ताविक :

मराठी साहित्यसंस्थांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा संमेलनाध्यक्षांची यादी दिली जाते. वर्ष, स्थळ, अध्यक्ष आणि त्या वर्षी गाजलेला वाद एवढ्यावर संस्थेचे मूल्यमापन झाले, असे मानण्याची प्रथा आहे. महाराष्ट्र साहित्य परिषदेवर या प्रथेमुळे अन्यायच झाला आहे. प्रस्तुत लेखात परिषदेकडे भाषा व वाङ्मय यांचा अभ्यास करणारी विद्वत्संस्था म्हणून पाहावयाचे आहे. तसे पाहिले असता तिचे श्रेय वेगळ्या ठिकाणी सापडते. उणीवही वेगळ्या ठिकाणी सापडते.

स्थापना आणि तिच्या आधीचा प्रश्न :

गोविंद वासुदेव कानिटकर यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरलेल्या चौथ्या ग्रंथकार संमेलनात, २७ मे १९०६ रोजी, परिषदेची स्थापना झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये झालेले पहिले संमेलन ही तिची पूर्वपीठिका म्हणून सर्वत्र सांगितली जाते. प्रस्तुत लेखकास मात्र हा आरंभ १८८५ च्या दुसऱ्या संमेलनापासून धरावासा वाटतो. त्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा फुले यांनी रानड्यांना पत्र लिहून नाकारले. ज्यांना माणूस म्हणून हक्क मिळू दिले गेले नाहीत, त्यांचे दुःख ज्या सभांत व ग्रंथांत उमटत नाही, तेथे आमचे काय काम, असा त्या पत्राचा आशय होता. ते ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघाले ते अहमदनगरहून, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातील अभ्यासकाने विसरू नये. थोडक्यात, संस्था जन्माला येण्यापूर्वी एकवीस वर्षे तिच्या दाराशी प्रश्न येऊन उभा होता.

विद्वत्कार्य :

परिषदेच्या स्थापनेनंतर एका वर्षाने, १९०७ मध्ये, बार्सिलोना येथे कातालान भाषेसाठी अभ्याससंस्था स्थापन झाली. पोंपेऊ फाब्रा यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले लेखननियम तिने १९१३ मध्ये जाहीर केले. फाब्रांचा कोश १९३२ मध्ये आला. मराठीत साहित्य महामंडळाच्या चौदा लेखननियमांना शासनाची मान्यता मिळाली ती १९६२ मध्ये, आणि त्यांत चार नियमांची भर पडली १९७२ मध्ये. कातालान संस्थेमागे तेथील प्रांतिक प्रशासन उभे होते. परकीय राजवटीत परिषदेपाशी असे बळ नव्हते, हे खरे. परंतु एवढी सबब पुरत नाही. त्याच राजवटीत बंगीय साहित्य परिषदेने वसंतरंजन राय यांनी संपादिलेले ‘श्रीकृष्णकीर्तन’ १९१६ मध्ये प्रकाशित करून बंगाली वाङ्मयाचा आरंभकाळच अभ्यासकांपुढे नव्याने ठेवला. आपल्याकडे जुन्या कागदपत्रांचे काम १९१० मध्ये राजवाडे व मेहेंदळे यांनी स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे वळले. वाङ्मय एका घरी आणि त्याची साधने दुसऱ्या घरी, अशी ही वाटणी झाली. दत्तो वामन पोतदार यांच्यासारखे मोजके विद्वान दोन्हीकडे वावरले. पोतदारांची आठवणही आज नगरच्या १९३९ च्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणूनच निघते, हे प्रथेला धरूनच झाले.

१९६१ मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि पुढे संमेलनाचा भार त्याच्याकडे गेला. परिषदेच्या हातून अधिकार गेला, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली आहे. वस्तुतः तिच्या सर्वांत टिकाऊ कार्याला याच दशकात गती मिळाली. ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ हा बहुखंडी ग्रंथ म्हणजे ते कार्य होय. रा. श्री. जोग, स. गं. मालशे, शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या संपादकांनी अनेक अभ्यासकांकडून प्रकरणे लिहवून घेतली. एकहाती इतिहासात येणारी एकसंध दृष्टी येथे नाही. प्रकरणागणिक भाषा बदलते, तोल बदलतो, काही ठिकाणी पुनरुक्तीही होते. तरीही कोणत्याही मराठी संशोधकाची पहिली नोंदवही या खंडांवरूनच भरते, हे मान्य करावे लागते.

आक्षेप आहे तो रचनेवर. अर्वाचीन कालखंडाची मांडणी मुख्यतः वाङ्मयप्रकारांनुसार आहे. अखंड, पोवाडा, नाटक आणि वैचारिक गद्य एकाच हेतूने लिहिणारे फुले अशा मांडणीत विभागले जातात. प्रत्येक प्रकरणात त्यांचा थोडा थोडा उल्लेख येऊ शकतो. त्यांचा विचार सलग उभा राहत नाही. १८८५ च्या पत्राकडे कोणी हेतुपुरस्सर डोळेझाक केली, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु अभ्यासाची पद्धतही कोणाला आत घ्यावयाचे आणि कोठे बसवावयाचे, हे ठरवीत असते. १९१३ पासूनच्या ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिके’चे अंक या दृष्टीने कोणीतरी क्रमाने तपासावयास हवेत. परिषदेचा खरा दफ्तरखाना तो आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठीचा अहवाल आमच्याच जिल्ह्यातील संगमनेरचे रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने २०१३ मध्ये सिद्ध केला होता. त्या अहवालातील प्रत्येक पुराव्यामागे कोणा अभ्यासकाचे कित्येक वर्षांचे वाचन आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे बेलापूरहून फार दूर नाही. ग्रामीण महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्या काळाचा इतिहास सांगणारा खंड मात्र अनेकदा संदर्भग्रंथ म्हणून कुलुपातल्या कपाटात दिसतो. घरी नेता येत नाही.