‘म्यां’ आणि ‘मी’ : चॉम्स्कीकृत वाक्यविचाराचें परीक्षण

नोम चॉम्स्की यांचा ‘द मिनिमलिस्ट प्रोग्रॅम’ हा ग्रंथ इ. स. १९९५ मध्यें अमेरिकेंतील एम्. आय्. टी. प्रेसनें प्रसिद्ध केला. दप्तरें व पोथ्या चाळणारांस या अर्वाचीन वाक्यविचाराशीं काय कर्तव्य, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु वाक्याचें बाह्य रूप व त्याचा अर्थ यांचा संबंध हाच ग्रंथाचा मुख्य विषय असून जुन्या कागदांच्या संपादनाशीं तो निकट पोंचतो. म्हणून त्याचा परामर्श येथें घेत आहों.

ग्रंथांत चार प्रकरणें आहेत. पैकीं पहिलें हॉवर्ड लॅस्निक यांच्या सहकार्यानें लिहिलेलें आहे. चॉम्स्की यांच्या पूर्वीच्या मतांत वाक्यरचनेच्या अनेक पायऱ्या होत्या. त्यांतील ज्यांवांचून अडतें तेवढ्याच ठेवाव्या, ही येथील प्रतिज्ञा. त्यामुळें एक उच्चाराकडील व एक अर्थाकडील अशा दोनच सीमा उरतात. नामाचें लिंगवचन अर्थास उपयोगी. परंतु क्रियापदावर उमटलेलें लिंगवचन व केवळ रचनेमुळें येणारी विभक्ति हीं अर्थास निरुपयोगी, सबब अर्थाच्या सीमेपूर्वींच त्यांचा निरास झाला पाहिजे, असा सिद्धान्त आहे. पाणिनीच्या परंपरेशीं परिचय असणारांस हें लाघव परकें वाटणार नाहीं. मात्र पाणिनीचें लाघव सूत्रांच्या मांडणींतलें आहे. चॉम्स्की यांस तें भाषेच्याच अंगीं असल्याचें दाखवावयाचें आहे.

आतां मराठीकडे वळूं. ‘त्यानें पोथी वाचली’ व ‘मी पोथी वाचली’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद पोथीच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें. दुसऱ्यांतील ‘मी’ दिसण्यांत प्रथमेचा, पण क्रियापदावर त्याची सत्ता नाहीं. कानास न कळणारा भेदही रचनेंत असूं शकतो, हें ग्रंथकाराचें म्हणणें येथें उत्तम पटतें.

परंतु तृतीयपुरुषीं ‘नें’ राहिला आणि प्रथमपुरुषीं चिन्ह कां नाहीं? लाघवाच्या तत्त्वांत याचें उत्तर सांपडत नाहीं. तें जुन्या लेखांत सांपडतें. तेथें कर्त्याचें रूप ‘म्यां’ असें निराळेंच होतें. पुढें ‘मीं केलें’ असा अनुस्वार तेवढा उरला, आणि इ. स. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तोही लेखनांतून गेला. दुसरें असें कीं, ‘तो पाणी प्याला’ येथें कर्म असून ‘नें’ नाहीं, आणि ‘त्यानें यावें’ येथें कर्म नसून तो आहे. रचनेनें येणारी विभक्ति व अर्थाशीं बांधलेली विभक्ति असे दोन वर्ग ग्रंथकार मानतात. आमचा ‘नें’ यांपैकीं कोणत्याही एका वर्गांत सुखानें बसत नाहीं.

तिसरा आक्षेप पद्धतीविषयीं आहे. वाक्य ग्राह्य कीं अग्राह्य, याचा निवाडा हे पंडित मुख्यतः जिवंत भाषकाच्या प्रतीतीवरून करितात. लुप्त प्रयोगाविषयीं विचारावयास भाषकच उरलेला नाहीं. लेख हा एकच साक्षीदार.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध उघड आहे. जुनें पत्र छापतांना ‘म्यां’ च्या जागीं ‘मी’ घातल्यानें अर्थ तिळमात्र बदलत नाहीं, म्हणून ही दुरुस्ती निरुपद्रवी भासते. वस्तुतः ती याच कारणास्तव घातक आहे. अर्थ बिघडला असता तर पुढील वाचकास संशय तरी आला असता. मोडी लेखनांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं व अनुस्वारही वारंवार गळतो; त्यामुळें मोडींतील ‘मी’ वर अनुस्वार नाहीं, एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. परंतु ‘म्यां’ मधील यकार अनुस्वार गळूनही शिल्लक राहतो; तो संपादकानेंच पुसला तर पुरावा कायमचा गेला.

सारांश, रूप व अर्थ हीं दोन वेगळीं ठेवून पाहावीं, ही या ग्रंथाची शिकवण आम्ही आदरानें स्वीकारतों. जें रूप अर्थास नको तें इतिहासासही नको, हें मात्र स्वीकारीत नाहीं. मूळ पाठ जसाच्या तसा छापावा, सुधारणा सुचल्यास टीपेंत द्यावी, आणि प्रत केव्हांची हें कळत असल्यास अवश्य नमूद करावें.