चेंडू टेकल्यानंतर

गोल्फ पाहताना आपली नजर बहुधा चेंडूबरोबर आकाशात जाते. फटक्याचा तो टणत्कार, निळाईत विरत जाणारा पांढरा ठिपका, त्याची लांबलचक कमान, हे सारे मोहक आहे यात शंका नाही. पण त्या कौतुकाचा धनी खेळाडू असतो. मैदानाची ओळख व्हायला हवी असेल तर आपण जरा धीर धरावा आणि चेंडू खाली येण्याची वाट पाहावी. एका मैदानावर तो मऊ, ओलसर हिरवळीत पडतो आणि पडल्या जागी निमूट थांबतो. दुसऱ्या मैदानावर मात्र तो टणक जमिनीवरून उसळतो, एरवी डोळ्यांना दिसलाही नसता अशा उंचवट्याला बगल देऊन डावीकडे झुकतो, क्षणभर घुटमळतो, मग उतार सापडताच पुन्हा धावू लागतो आणि पाहणाऱ्याचा श्वास रोखून धरतो. पहिल्या ठिकाणी जमिनीने चेंडू नुसता झेलला. दुसऱ्या ठिकाणी ती स्वतःच खेळात उतरली. एक मैदान दुसऱ्याहून सरस का, या प्रश्नाचे उत्तर मला या थोड्याशा धावेत दडलेले दिसते.

हे पारखण्याची दृष्टी बारामती-इंदापूरच्या माणसाला उपजतच मिळालेली असते, कारण जमिनीची दोन रूपे तो रोज शेजारी-शेजारी पाहतो. एकीकडे नीरा डाव्या कालव्याखालची बागायत: पाणी सगळीकडे सारखे बसावे म्हणून सपाट केलेली वावरे, आखीव सऱ्या, बारमाही हिरवा ऊस. दुसरीकडे कडबनवाडीच्या बाजूचा माळ: मुरमाड, उथळ मातीचा, पावसाळ्यात थोडे दिवस हिरवा आणि मग वर्षभर सोनेरी, तांबूस, करडा. बागायतीत एक वाफा दुसऱ्यासारखा दिसावा म्हणून माणूस राबतो. माळावर दहा पावलांमागे जमिनीचा स्वभाव पालटतो. इथे खडकाचे टेकाड डोके वर काढते, तिथे ओघळ वळण घेते, कुसळांच्या गवतातून मेंढरांची वाट उताराचा नेमका कल धरून निघून जाते. पाण्याने वावर पिकते, पण त्यासाठी त्याला आपले उंचसखल रूप सोडावे लागते. माळाजवळ दुसरे काही नसल्यामुळे ते रूप तेवढे शाबूत राहते.

हीच नजर घेऊन आपण स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूजला जाऊ. तेथील ‘ओल्ड कोर्स’ गोल्फच्या जगातले आद्यपीठ मानले जाते, आणि प्रथमदर्शनी ते पाहून पुष्कळांची निराशा होते. झाडी जवळजवळ नाही, कारंजी नाहीत, तळी नाहीत. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये पसरलेली, वाऱ्याने आणलेल्या वाळूवर उगवलेल्या आखूड गवताची एक उघडी पट्टी तेवढी आहे. नांगराला ही जमीन कधीच मानवली नाही. शेतीने नाकारली म्हणून ती मेंढरांच्या, सशांच्या आणि खेळणाऱ्यांच्या वाट्याला आली. मुरमामुळे आपला माळ जसा नांगरापासून वाचला, तशी वाळूमुळे ती पट्टी वाचली. वाळूतून पाणी चटकन निचरते, म्हणून जमीन टणक राहते. जमीन टणक राहते, म्हणून चेंडू धावतो. आणि चेंडू धावतो, म्हणून तिथली प्रत्येक सुरकुती अर्थपूर्ण होते.

त्या सुरकुत्यांत सर्वांत मोहक आहेत तिथले बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. मैदानावर ते शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना माणसांसारखी नावे आहेत. पहिले बंकर कुणी मुद्दाम खणले नाहीत, असे मानतात: बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढरे ज्या खळग्यांत दाटीवाटीने बसत, तिथले गवत झिजून वाळू उघडी पडली आणि खेळणाऱ्यांनी ते खळगे तसेच ठेवून घेतले. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण घालणाऱ्या मुलखाला ही कथा सांगावी लागू नये. मेंढरू वारा कसा चुकवते, कोणत्या उताराला बसते, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असते. अशा बंकरांची गंमत अशी की ते नकाशावर आखलेल्या शिस्तीने येत नाहीत. कधी ऐन मधोमध, चांगल्या फटक्याच्या वाटेतच, एखादा वाट पाहत असतो. नव्या मैदानांवर खड्डे बहुधा कडेला असतात आणि चुकलेल्यालाच शिक्षा करतात. इथले खड्डे बरोबर मारणाऱ्यालाही विचारतात की, बाबा रे, तू डोळे उघडे ठेवून मारलेस ना?

आता रुंदीची नजाकत पाहू. अरुंद वाटेवर कौशल्याची कसोटी लागते, अशी आपली साधी समजूत असते. ओल्ड कोर्सची मैदानी पट्टी मात्र ऐसपैस आहे. जाणारे आणि परतणारे खेळाडू पुष्कळदा एकाच हिरवळीवर वावरतात. 18 होलांपैकी, म्हणजे खेळाच्या टप्प्यांपैकी, 14 होलांची अखेर 7 जोड-ग्रीनवर, म्हणजे दोन होलांना सामाईक असलेल्या झेंड्याच्या हिरवळींवर होते, आणि प्रत्येक जोडीतल्या होलांच्या क्रमांकांची बेरीज 18 येते: दुसऱ्याची सोळाव्याशी, तिसऱ्याची पंधराव्याशी, अशी. एका विस्तीर्ण हिरवळीवर दोन झेंडे फडफडत असतात. या रुंदीमुळे खेळ सोपा होत नाही, त्यात निवड येते. चौदाव्या होलवर ‘हेल’ नावाचा भलाथोरला बंकर वाट अडवून बसला आहे. त्याच्यावरून चेंडू उडवण्याचे धाडस करावे, की डावीकडे पाचव्या होलच्या हिरवळीवर जाऊन लांबचा फेरा घ्यावा? माळावरून पलीकडच्या वाडीला जाताना कुणी टेकाड चढून जातो, कुणी ओढ्याच्या कडेने. पोहोचतात दोघेही, आपापल्या दमाप्रमाणे आणि वृत्तीप्रमाणे.

या निवडीचा अर्क सतराव्या होलमध्ये उतरला आहे. ‘रोड होल’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. 495 यार्डांची वाट, आणि पहिलाच फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडच्या कोपऱ्यावरून, जवळजवळ अंदाजाने मारायचा. पुढे तिरपे, अरुंद, किंचित उंचावर बसवलेले ग्रीन. त्याच्या पुढच्या अंगाला एक लहानसा, खोल, उभ्या भिंतीचा बंकर. आणि मागे रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत. जोर कमी पडला तर खड्डा, जास्त झाला तर रस्ता. 1978 च्या ओपन या मानाच्या ब्रिटिश स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा ग्रीनवर सुखरूप पोहोचला होता. तिथून त्याने हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत त्याच बंकरमध्ये गेला आणि त्या एका होलवर त्याचे 9 फटके खर्ची पडले. 1984 साली टॉम वॉटसनचा चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे भिंतीजवळ गेला आणि त्याबरोबर विजेतेपदाची आशाही गेली. दोघांनाही नडला तो चेंडूचा टेकल्यानंतरचा प्रवास. आणि तरीही या होलवर साध्या खेळणाऱ्याला एक शहाणी वाट खुली आहे: ग्रीनच्या अलीकडे, उजव्या अंगाला थांबावे, एक फटका जास्त मोजावा आणि हसत पुढे जावे. बलवानाला धास्ती आणि दुबळ्याला दिलासा एकाच जागी देणे, ही मांडणीची केवढी उंची!

असे सौंदर्य पहिल्या भेटीत वश होत नाही. अमेरिकेचा थोर खेळाडू बॉबी जोन्स 1921 साली इथे ओपन स्पर्धा खेळताना इतका वैतागला की तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर त्याने खेळ सोडून दिला. पण तोच जोन्स 1927 मध्ये याच मैदानावर ओपन जिंकला, त्याच्या प्रेमात पडला, आणि 1958 साली गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. मधल्या काळात मैदान होते तसेच होते. ज्या अनपेक्षित उसळ्यांना तो आधी अन्याय म्हणत होता, त्यांत त्याला पुढे संवाद ऐकू येऊ लागला, असे आपण म्हणू शकतो. रसिकाचा प्रवासही बहुधा असाच, रागाकडून रुचीकडे होतो.

जोन्सने पुढे ॲलिस्टर मॅकेंझीला हाताशी धरून अमेरिकेत ऑगस्टाचे मैदान घडवले. मॅकेंझी मूळचा डॉक्टर, बोअर युद्धात गेलेला, लष्करी लपवाछपवीच्या कलेचा अभ्यासक; ओल्ड कोर्सचा त्याने केलेला नकाशा आजही अभ्यासला जातो. ऑगस्टाची जमीन पूर्वी रोपवाटिकेची होती, आणि तिथली गर्द हिरवाई पाहून आपण त्या मैदानाला सरळ बागायतीत जमा करू. पण तिथले ग्रीन पाहा: त्यांचे कल आणि वळसे असे की झेंड्याच्या उजवीकडे टेकलेला चेंडू क्षणभर थबकतो, मग मन बदलल्यागत खाली वाहू लागतो. हिरवे असणे हा मैदानाचा दोष नाही. हिरवळीखालची जमीन बोलते की मुकी झाली आहे, एवढेच पाहायचे.

जमिनीचा हा बोलकेपणा टिकतो कशाने? सेंट अँड्र्यूजपुरते उत्तर आपल्या ओळखीचे आहे: ती पट्टी गावाचे गायरान राहिली म्हणून. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टनने त्या जागेवर ससे पाळण्याची मुभा घेतली, तेव्हाच्या दस्तात गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. आजही रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ नसतो. त्या दिवशी आजीआजोबा, बाबागाड्या आणि कुत्री त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून मनसोक्त हिंडतात. ज्या जागेवर साऱ्या गावाची पावले उमटतात, तिला कुंपणाआडच्या शोभेच्या बागेसारखे नटवण्याचा मोह कुणाला होत नसावा.

म्हणून इंदापूरच्या माळावर गोल्फचे मैदान व्हावे, असे मात्र कुणी मनात आणू नये. तिथे चिंकारा आणि लांडगा नांदतात, धाविक पक्षी गवताच्या रंगात मिसळून पळतो, आणि सरकारी कागदांवर ‘पडीक’ ठरलेली ती जमीन आपल्या परीने पुरती वसलेली आहे. माळाने आपल्याला नजर दिली, एवढे देणे पुरेसे आहे. ती नजर घेऊन येरवड्याच्या जुन्या मैदानाच्या कडेला उभे राहा, किंवा दूरचित्रवाणीवर एखादी स्पर्धा पाहा. मैदान किती लांब, किती खर्चाचे, किती हिरवे, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. आपण तीन गोष्टी पाहू: चेंडू टेकल्यानंतर त्याचे काय होते, पुढे जायला वाटा किती, आणि कमी ताकदीच्या माणसालाही तिथून आनंदाने परतता येते का. ही तिन्ही दाने जमीन देते. मैदान घडवणाऱ्याचा मोठेपणा एवढाच की, ती सपाट करण्याची ताकद हाती असताना त्याने आपला हात आवरला.