‘अनिर्णीत’ या उत्तराचे मोल

सॉफ्टवेअर पुष्कळदा एकटे जन्मास येत नाही. त्याचे कुल असते. समाईक रचनेत काही वैशिष्ट्ये घातली वा वगळली की निरनिराळी रूपे सिद्ध होतात. भाषेच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. धातूची रूपावली आपण प्रत्ययांच्या नियमांनीच जाणतो. परंतु कुलातील प्रत्येक रूप निर्दोष आहे काय, हे ठरविणे अवघड असते. परस्परांपासून स्वतंत्र अशी दहा वैकल्पिक वैशिष्ट्ये असली तर रूपे १०२४ होतात.

यंत्राच्या सर्व संभाव्य अवस्था धुंडाळून एखादे विधान खरे की खोटे हे ठरविणारी प्रतिमान-तपासणीची पद्धत क्लार्क व एमर्सन यांनी १९८१ साली मांडली. शोहाम व ग्रुम्बर्ग यांनी २००३ साली तिला त्रिमूल्य खेळाचे रूप दिले. डिमोव्स्की, लेगे व वॉन्सोव्स्की यांनी २०१९ साली हा खेळ संपूर्ण कुलास लागू केला. या पद्धतीची स्तुती बहुधा श्रमबचतीसाठी होते. तिचे खरे मर्म अन्यत्र आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या खेळात मंडनकार विधान सिद्ध करू पाहतो, खंडनकार ते खोडू पाहतो. कुलातील सर्व रूपांत आढळणारी चाल ‘अवश्य’. काहींतच आढळणारी केवळ ‘शक्य’. जिंकू पाहणाऱ्यास स्वतःच्या अवश्य चालींवरच विसंबावे लागते. प्रतिपक्षास मात्र शक्य चालीही मोकळ्या असतात. म्हणून मंडनकाराचा जय म्हणजे विधान सर्व रूपांत खरे, खंडनकाराचा जय म्हणजे सर्व रूपांत खोटे. कोणीच न जिंकल्यास उत्तर ‘अनिर्णीत’.

या विषयात रूढ झालेले पेय-यंत्राचे उदाहरण घेऊ. सोडा, चहा वा दोन्ही. पेय फुकट वा पैसे घेऊन. खरेदी रद्द करण्याची सोय असो वा नसो. एकूण रूपे १२. विधान असे: ‘यंत्रातून चहा निवडण्याच्या अवस्थेस पोहोचता येते.’ पहिला खेळ अनिर्णीत राहतो, कारण चहाची चाल केवळ शक्य आहे. म्हणून कुल चहावरून विभागावे. चहाविना असलेल्या ४ रूपांत खंडनकार तत्काळ जिंकतो. उरलेल्या ८ रूपांत पैसे भरणे आणि फुकट मिळणे या दोन्ही चाली केवळ शक्य असल्याने खेळ पुन्हा अडतो. त्या प्रश्नावर पुन्हा विभागणी केली की दोन्ही गटांत मंडनकार जिंकतो. बारा रूपांचा निवाडा पाच खेळांत झाला. रद्द करण्याच्या सोयीचा प्रश्न विचारावाच लागला नाही.

आता क्रम बदलून पाहावा. आधी फुकटपणाचा प्रश्न घेतला तर खेळ सात होतात. आधी रद्द करण्याची सोय विचारली तर अकरा. म्हणजे एकेक रूप तपासण्याच्या तुलनेत लाभ एकाच खेळाचा. निष्कर्ष तिन्ही मार्गांनी एकच; श्रमांत मात्र दुपटीहून अधिक अंतर. तेव्हा बचत विभागणीत नाही, विभागणीच्या कारणात आहे. खेळ कोठे अडला याचा माग घेतला तर योग्य प्रश्न हाती येतो; ‘अनिर्णीत’ हे उत्तर आपले कारण सोबत घेऊन येते, यातच त्याचे मोल आहे.

चेरी, हाले व याकोब्सन यांनी १९५३ साली रशियन स्वनिमांची ओळख द्विपर्यायी प्रश्नांच्या मालिकेने करून दाखविली. तेथेही निरर्थक प्रश्न वगळण्याचा विचार होता. फरक इतकाच की तेथे प्रश्नांचा क्रम विश्लेषक लावतो. येथे तो खेळाच्या अपयशातून सुचतो.

मर्यादाही स्पष्ट आहे. विभागणी बाराही रूपे सुटी होईपर्यंत न्यावी लागली तर मधले अकरा खेळ धरून संख्या तेवीस होईल आणि सरळ तपासणीच स्वस्त ठरेल. ज्या कुलातील रूपे विधानापुरती पुष्कळशी सारखी वागतात, तेथेच ही पद्धत फलदायी होय. म्हणून अशा पद्धतीचे मूल्यमापन करताना किती वेळ वाचला एवढेच न विचारता, प्रत्येक ‘अनिर्णीत’ उत्तराने पुढचा प्रश्न किती नेमका सुचविला, हे आधी पाहावे.